स्कूटरचा आठ

बालाघाटच्या परिवहन कार्यालयामागच्या मैदानात मुलीच्या वाहन परवान्याच्या परीक्षेला गेलो, तेव्हा रांगेत आमच्या पुढे एक प्राध्यापक होता. स्कूटरवर पाय न टेकवता आठचा आकडा काढायचा होता. परवाना मिळाला नाही, तर कॉलेजात शिकवायला पुन्हा बायकोच्या मागे बसून जावं लागणार, ही धास्ती त्यानेच सांगितली. बायको बाजूलाच उभी होती.

लढाऊ विमानांच्या नियंत्रणावर त्याचा अभ्यास होता. तळहाताचं विमान करून तो आम्हाला समजावू लागला, "थोडं वळलं तं साधं गणित चालते. नाक एकदम उचललं का हवा पंख सोडते, मंग गणितच बदलावं लागते. संगणकाले हे क्षणोक्षणी जमलं पाहिजे."

गणित मला पटलं.

पहिल्याच वळणावरच्या खडीत त्याने पाय टेकवला. निरीक्षकाने नापास केलं, तर म्हणाला, "इथं गिट्टी हाय, ते हिशोबात नव्हतं."

"अन् विमानात पाय कुठी टेकवता हो?" बायकोने विचारलं.

"त्याच्यात मी थोडीच बसतो!"

मग तो तिच्या मागे बसला. फाटकाच्या वळणावर त्याचा तळहात ऐटीत कलला; दुसऱ्या हाताने मात्र त्याने तिचा खांदा घट्ट धरला होता.