सात नंबरातली काळी पट्टी

कडूबाईच्या आधीची दोन लेकरं पाळण्यातच गेली, म्हणून बापानं हिचं नाव कडू ठेवलं. मरणानं तोंडात घेतलंच तर थुंकून टाकावं, एवढीच त्याची अक्कल. पंचावन्न वर्षं नाव कामी आलं.

शेंद्र्याला कारखान्यांच्या पाहुण्यांसाठी एक गेस्ट हाऊस आहे. तिथली चौदा बाथरूमं तिच्याकडं होती. हाताला नाव होतं तिच्या. बाया म्हणायच्या, "कडूनं घासलेल्या मोरीत बसून भाकर खावी." पारख मात्र सगळी नाकाची. फिनेल डोळ्याला झोंबलं नाय तर ती दुकानदाराला विचारायची, "पाणी भरून दिलं व्हय रं?" जेवढा वास जहाल, तेवढी सफाई पक्की. तिच्या आईचंही हेच, साऱ्या गल्लीचंही हेच.

यंदाच्या पावसाळ्यात सात नंबरच्या खोलीत, शॉवरच्या काचेखालची सिलिकॉनची पांढरी पट्टी काळी पडली. आधी मोहरीएवढे ठिपके, मग काजळाची रेघच. एसीपायी खिडकी कायमची बंद. वाफ बाहेर फेकणारा पंखा होळीपासून बिघडलेला.

मॅनेजर शिवराज म्हणाला, "मावशी, सोमवारी मोठे साहेब उतरणारेत. काळं दिसलं तर मंगळवारपासून दुसरी बाई."

"पंखा नीट करा की दादा. वलच हटंना."

"पंख्यानं घासता का तुम्ही? आन दार लावून घासा. वास पाहुण्यांकडं नाय गेला पाहिजे."

दोन दिवस तिनं जुन्या ब्रशानं घासलं. साबण, सोडा, सगळं झालं. रेघ हलली नाय. रविवारी दुपारी तिनं पट्टीवर ब्लीचिंग पावडर थापली. तरी काळं तसंच, म्हणून वरून फरशीचं ॲसिड ओतलं. दार लावलेलं होतं.

पिवळट धूर निघाला. तिला वाटलं, लागू पडलं. डोळ्यांची आग झाली तसा पदर नाकाला बांधला आणि ब्रश आणखी जोरात चालवला. चादरी बदलणारी विशाखा खोलीत आली, तेव्हा दाराखालून धूर येत होता. तिनं कडूबाईला पाय धरून ओढत बाहेर काढलं.

अकरा दिवस दवाखाना. फुप्फुसं आतून भाजली, आता पहिल्यासारखी व्हायची नाय, असं डॉक्टरांनी सांगितलं. चुलीपासून उंबऱ्यापर्यंत जाताना ती दोनदा बसायची. पण तिला खात होतं ते दुसरंच. आयुष्यात पहिल्यांदा आपला हात कमी पडला.

पट्टी बदलायला शहरातून गयास मिस्तरी आला होता. दुसऱ्या दिवशी परतताना तो तिच्या घरी थांबला. कापून काढलेला तुकडा त्यानं कागदातून काढून तिच्या हातावर ठेवला.

"उलटा करून बघ मौशी."

आतली बाजू वरच्यापेक्षा काळी होती.

"बुरशी आत शिरली व्हती. ये घासनेसे जानेवाली चीजच नै. ब्लेडनं कापायची, जागा खडखडीत सुकू द्यायची, मग नवी भरायची. पुढं रोज अंघोळीनंतर काच नि पट्टी फडक्यानं पुसायची, पंखा चालू ठेवायचा."

"आन मी लावलं ते?"

"पावडर आणि ॲसिड? दोन्ही एकत्र म्हंजे जहर, मौशी. किसीने बोला नै तेरेकू?"

कोण सांगणार? तिनं तुकडा बराच वेळ फिरवून पाहिला.

"म्हंजे माझा हात... कमी नव्हता पडला."

"नै. तेरा हात क्या करेगा?"

"पंखा?"

"बंदच. एक दिवस पाणी लावू नका म्हणलं, तर साहेब त्याच संध्याकाळी नहाए."

ती हसली. हसण्याचा खोकला झाला, तो थांबेपर्यंत गयास तांब्या धरून उभा राहिला.

दिवाळीच्या तोंडावर विशाखाचा फोन आला. चौदा बाथरूमं आता तिच्याकडं होती.

"मावशे, सात नंबरात पुन्हा ठिपके आलेत. शिवराजदादा लई बोलला. पावडर लावली मी, जाईना. वरून काय टाकू?"

कडूबाई उठून बसली. सांगायचं बरंच होतं, श्वास तेवढा नव्हता.

"कायच... नको टाकू," ती म्हणाली. "दार... आधी दार उघड, पोरी."