टेस्टिंगचे सतरा प्रकार

आमच्या घरात दोन गोष्टी कधीच टाकल्या जात नाहीत. दह्याचे रिकामे डबे आणि एअरपोर्टचे किस्से. डबे ओट्याखाली साठतात आणि किस्से दर शनिवारी जेवणानंतर बाहेर निघतात. कोणीतरी इंडियाला जाऊन आलेलं असतं, भाकरवडीचा पुडा फोडतं आणि म्हणतं, "या वेळी काय विचारलं माहितीये?" की झालं! मग अकरा वाजेपर्यंत कोणी उठत नाही.

हे सगळं दोन हजार एकनंतरचं, ते दोन टॉवर पडल्यानंतरचं. त्यानंतर एअरपोर्टवरच्या इमिग्रेशन ऑफिसरांना शंका यायला लागली, की हे एवढे कॉम्प्युटरवाले येतात ते खरंच कॉम्प्युटरवाले आहेत का? शंका यायला माझी हरकत नाही. पण तपासणार कोण? तर ज्यांना स्वतःचा कीबोर्ड एका बोटाने बडवता येतो ते! हातात प्रश्नोत्तरांचा एक कागद. कागदाशी उत्तर जुळलं तर तुम्ही इंजिनिअर, नाही जुळलं तर मागच्या खोलीत जाऊन बसा.

एअरपोर्टचं नाव सांगत नाही. अजून तिथूनच जायचं-यायचं आहे.

आम्ही सगळे अमेरिकेतल्या श्रूजबरीतले. मी टेस्टर, म्हणजे दुसऱ्यांनी लिहिलेल्या प्रोग्रॅममधल्या चुका शोधून काढायचं माझं काम. माझा नवरा मिलिंद म्हणतो, हे काम ही घरी फुकट करते. बंटी वानखेडे अमरावतीचा. आणि जोगळेकर, माझा टीम लीड, पुण्याचा, बायको अनघा. जोगळेकर आमच्या किस्स्यांना हसत नाही. तो चुका सुधारतो.

यातला एक किस्सा मी आपणहून कधी सांगत नाही. अनघाचे दिवस भरले होते, जोगळेकरला तिच्यापाशी पोचायचं होतं आणि वाटेत आडवी आलेली चूक माझी होती. आज सांगते, पण शेवटी.

* * *

आधी बंटी.

बंटीची कॉम्प्युटरची भाषा कोबॉल. म्हणजे त्याच्या जन्माआधीची. तिच्यात मुद्द्याचं काम सुरू होण्याआधी नुसती प्रस्तावना लिहावी लागते. प्रोग्रॅमचं नाव काय, लिहिणारा कोण, मशीन कुठलं. लग्नपत्रिकाच म्हणा ना!

ऑफिसरने त्याच्यापुढे कोरा कागद सरकवला. "दोन आकड्यांची बेरीज करणारा प्रोग्रॅम लिहून दाखव."

बंटी खूश. त्याने कागद भरला. उलटा केला, मागची बाजू भरली. त्याच्यामागे सगळी लाइन ताटकळत उभी. ऑफिसरने कागद ओढून घेतला, वरून खालपर्यंत पाहिला आणि विचारलं, "यात बेरीज कुठे आहे?"

"पुढच्या पानावर आहे ना, सर."

ऑफिसरने दुसरा कागद काही दिला नाही. शिक्का मारला आणि जा म्हणाला. बंटीला त्याचं अजून वाईट वाटतं. "काहून थांबवलं बाप्पा! आता तर मी रंगात येत होतो!"

* * *

आता आमची वरात ऐका.

व्हिसा माझा. मी एच-वन, म्हणजे नोकरीवर आलेली, आणि मिलिंद एच-फोर, म्हणजे माझ्यामागून आलेला. मिलिंद नाशिककडचा गुरांचा डॉक्टर. गावोगाव मोटरसायकलवर फिरून अडलेल्या म्हशी सोडवणारा माणूस. त्याला कॉम्प्युटरचं तेवढंच कळतं जेवढं मला म्हशीचं.

आम्ही काउंटरवर गेलो. ऑफिसरने दोघांकडे पाहिलं आणि थेट मिलिंदला विचारलं, "कंपायलर काय करतो?"

"माहीत नाही."

"डेटाबेस म्हणजे काय?"

"हिला विचारा."

"मी तुम्हाला विचारतोय, सर."

मी तोंड उघडलं, तर हात वर करून मला म्हणाला, "मॅडम, प्लीज. त्यांना बोलू द्या." आमच्या लग्नाला सहा वर्षं झाली होती. माझ्यासमोर मिलिंदला बोलू देणारा हा पहिलाच माणूस, आणि त्या बिचाऱ्याकडे बोलायला काहीच नव्हतं!

तिसरं "माहीत नाही" झालं तेव्हा ऑफिसरची मान आनंदाने डोलायला लागली. चोर सापडला! मग मात्र माझं डोकं फिरलं. मी माझे कागद काउंटरवर आपटले. "व्हिसा माझा आहे. इंजिनिअर मी आहे!"

त्याने कागद दोनदा वाचले. मला वाटलं, आता मला खरे प्रश्न येणार. मी तयारीतच होते, चार वर्षांचं सगळं डोक्यात होतं. तर हा दीडशहाणा हसून मला विचारतो, "मग तुम्ही ऑफिसला गेल्यावर घरी स्वयंपाक कोण करतं?"

मिलिंद पटकन पुढे झाला. "याचं उत्तर मला येतं!"

* * *

आमच्या ऑफिसातला वेंकट तर पीएचडी. हैदराबादचा, अतिशय हुशार, पण बोलताना अडखळतो. दोन प्रश्नांत ऑफिसरने त्याला खोटा ठरवला. मागच्या खोलीत पाठवायचा कागद छापायला घेतला, तर प्रिंटर अडला. ऑफिसरने त्याच्यावर दोन थापडा मारल्या. प्रिंटर ढिम्म.

वेंकट भीतभीत म्हणाला, "बंद करून परत चालू करून बघा."

प्रिंटर चालू झाला. ऑफिसर त्याच्याकडे बघतच राहिला. म्हणाला, "यू आर द रिअल थिंग!" छापून आलेला कागद फाडला आणि शिक्का मारला.

वेंकटची पीएचडी सहा वर्षांची होती. तिच्याबद्दल कोणी विचारलंसुद्धा नाही.

* * *

आता माझं पाप.

दोन हजार चार साली मी एकटी परत येत होते. ऑफिसरने विचारलं, "काम काय करता?" म्हटलं, टेस्टिंग. त्याने कागदावरून बोट फिरवलं आणि विचारलं, "टेस्टिंगचे प्रकार किती?"

असा आकडा नसतो हो! भाज्यांचे प्रकार किती, असं कोणी विचारलं तर काय सांगाल? तुम्ही कसे मोजता त्यावर आहे. पण मी इंजिनिअरिंग केलं त्या कॉलेजात व्हायव्हाचा एक नियम होता. बाहेरून आलेल्या परीक्षकासमोर "माहीत नाही" हे शब्द काढायचे नाहीत. आकडा ठोकून द्यायचा, तोही अडनिडा. दहा म्हटलं तर अंदाज वाटतो, सतरा म्हटलं तर अभ्यास वाटतो.

मी ताठ मानेने सांगितलं, "सेव्हन्टीन."

त्याच्या कागदावर त्या प्रश्नापुढची जागा रिकामी होती, हे मला उलटं दिसत होतं. त्याने खिशातलं बॉलपेन काढलं, तिथे सतरा लिहिलं आणि भोवती गोल काढला. मला म्हणाला, "व्हेरी गुड."

त्या शनिवारी मी हे रंगवून सांगितलं. बंटी तर सोफ्यावरून खाली घसरला. जोगळेकर तेवढा पापड मोडत बसला होता.

"संदर्भ काय?" त्याने विचारलं.

"कशाचा?"

"सतराचा."

"अरे, संदर्भ कसला? ठोकून दिलं मी!"

"म्हणजे उचलली जीभ, लावली टाळ्याला. शुभा, तू त्या माणसाला चुकीचं शिकवून आलीस." आणि सोमवारी या गृहस्थाने ऑफिसात सगळ्यांना एक टिपण वाटलं. टेस्टिंगचे प्रकार, व्याख्या आणि उदाहरणांसकट. खाली ठळक अक्षरात लिहिलं होतं, 'प्रकारांची संख्या निश्चित नाही.' माझ्या डेस्कवर त्याने दोन प्रती ठेवल्या. असा राग आला होता मला!

* * *

सहा-आठ महिन्यांनी बंटी इंडियाहून परत आला. शनिवारी दारातूनच ओरडत आला, "ताई, तुमचा सतरा छापून आला ना बाप्पा!"

झालं असं, की बाकीची उत्तरं जुळली म्हणून तो सुटला, पण त्यालाही तोच प्रश्न आला होता. तो बिचारा म्हणाला, "असतील दहा-बारा." ऑफिसर म्हणाला, "रॉंग. सेव्हन्टीन." आणि कागद त्याच्यासमोर नाचवला. नवा, स्वच्छ टाइप केलेला कागद. बॉलपेनचा गोल गेला होता. आता तो आकडा इतर उत्तरांच्या ओळीत रुबाबात बसला होता.

आम्ही इतके हसलो की मिलिंदच्या हातातली कढी गालिच्यावर सांडली. जोगळेकरने ताटातला घास खाली ठेवला.

"उद्या यात कोणीतरी अडकेल," तो म्हणाला.

आम्ही त्यालाही हसलो.

* * *

दोन हजार सहा साली जोगळेकरचे वडील पुण्यात पडले आणि खुब्याचं हाड मोडलं. हा एकुलता एक. अनघाला आठवा महिना संपत आलेला. जाऊ की नको करत तो दहा दिवसांसाठी गेला. पण पासपोर्टवरचा व्हिसा संपलेला होता, तो मुंबईत नवा करून घ्यायचा होता, आणि दहा दिवसांचे पाच आठवडे झाले. अनघाच्या आईला तर व्हिसाच नाकारला होता. त्यामुळे अनघा आमच्याकडे राहायला आली. डॉक्टरांनी दिलेल्या तारखेला चार दिवस असताना जोगळेकरचं विमान दुपारी दोनला उतरणार होतं.

बंटी त्याला आणायला एअरपोर्टवर गेला. तीन वाजले, चार वाजले. बंटीचा फोन आला, "ताई, सगळं विमान रिकामं झालं. भाऊ बाहेरच नाही आला."

आणि अनघाच्या कळा तेव्हाच सुरू झाल्या.

मिलिंद घड्याळ घेऊन कळा मोजायला बसला. "घाबरू नकोस, मी शेकडो बाळंतपणं केलीयत," तो म्हणाला. अनघा त्या अवस्थेत म्हणाली, "मिलिंददादा, तुम्ही फक्त गाडी काढा." हॉस्पिटलात जाताना ती माझा हात घट्ट धरून एकच विचारत होती, "शुभाताई, त्याला परत तर नाही ना पाठवणार?" मी म्हणत होते, नाही गं. पण त्याला काय विचारलं असणार, ते मला कळलं होतं.

तेच विचारलं होतं. जोगळेकरने आपल्या टिपणातलं वाक्य जसंच्या तसं सांगितलं, "संख्या निश्चित नाही." ऑफिसर म्हणाला, "रॉंग." आणि मागच्या खोलीत बसवलं. फोन बंद. त्याने सांगून पाहिलं, की बायको बाळंत होणार आहे. ते म्हणाले, "असं सगळेच सांगतात."

दीड तासाने एक दुसरा ऑफिसर आला. त्याने कागद आणि पेन दिलं. "टेस्टर आहेस ना? मग प्रकार लिही सगळे."

जोगळेकरने लिहिले. क्रमांक घालून, व्याख्या आणि उदाहरणांसकट, त्या मोत्यासारख्या अक्षरात. ऑफिसरने पेनाच्या टोकाने एकेक मोजला. मग आपला कागद पाहिला. परत मोजले.

"हे तेवीस आहेत."

"हो."

"असतात सतरा. यातले सहा खोटे कुठले?"

"एकही नाही."

"हे बघ," ऑफिसर म्हणाला, "एकतर तुला तुझं काम येत नाही, नाहीतर तू मला बनवतोयस. सहाचं विमान परत जातंय. त्यात बसवू?"

भिंतीवरच्या घड्याळात पाच वाजून दहा मिनिटं झाली होती. जोगळेकरने पेन परत मागून घेतलं. पासपोर्टची कड पट्टीसारखी कागदावर ठेवली आणि सहा खरे प्रकार एकेक करून खोडले. सरळ रेघांनी.

ऑफिसरने परत मोजले. सतरा भरले. "सी? तुला येत होतं!" म्हणाला आणि शिक्का मारला. वेलकम बॅक!

बंटीने गाडी कशी हाणली ते त्यालाच माहीत. जोगळेकर पावणेसातला हॉस्पिटलात पोचला आणि सातला मुलगी झाली.

* * *

त्यानंतर मी पाच दिवस त्याच्यासमोर गेले नाही. लाज वाटत होती मला. सहाव्या दिवशी अळिवाचे लाडू केले, दह्याच्या डब्यात भरले आणि त्यांच्या घरी गेले. अनघा झोपली होती. जोगळेकर खिडकीशी मुलीला मांडीवर घेऊन बसला होता. एअरपोर्टवर काय घडलं ते त्याने मला सगळं सांगितलं, पहिल्यापासून, आवाज न चढवता. मी म्हटलं, "जोगळेकर, चुकलं माझं. संदर्भ नसताना बोलायला नको होतं."

मुलीचं टोपडं त्याने सारखं केलं. डबा उघडून लाडू पाहिले, झाकण परत लावलं.

मग माझ्याकडे बघून म्हणाला, "तेवीस सांगायला काय जात होतं गं तुझं?"