विहिरीवरचा फ्यूज

विहीर आम्हा दोघा भावांत सामाईक, मोटारही एकच. एक दिवस थोरल्या दादाचा, एक दिवस माझा. आळेफाट्याची बाराची एसटी रस्त्यावरून गेली की पाळी बदलायची, मग ती वेळेवर येवो नाहीतर रखडत. ही रीत वडिलांनी घालून दिलेली. पुढं भारनियमन सुरू झालं आणि आमचं बिनसलं. दादा म्हणायचा, "लाईट गेली तेवढा येळ मला भरून दे." मी म्हणायचो, एसटी गेली की पाळी गेली.

एसटी गेली आणि मोटार थांबली नाही की माझं ठरलेलं. कान तापायचे. हातातलं खुरपं टाकून तरातरा विहिरीवर जायचो आणि फ्यूज काढून खिशात घालायचो. मग दादाच्या शिव्या, माझ्या त्याहून मोठ्या आणि पुढं पंधरा दिवस अबोला. किती वर्षं हे चाललं, सांगायचीही लाज वाटते. शेवटच्या भांडणात मात्र दादानं शिवी दिली नाही. हळू आवाजात म्हणाला, "परत फ्यूज काढलास तर आपलं भाऊपण संपलं. माझ्या मयतीलाबी येऊ नको." त्या हळू आवाजाचीच मला धास्ती बसली.

बायको म्हणाली, "एसटी गेली की तुमी माणसात ऱ्हातच न्हाई. एक दिस नुसतं बघा तरी, अंगात काय व्हतंय ते." मी तिच्यावरच खेकसलो. पण बोलणं डोक्यातून जाईना.

त्याच आठवड्यात दादाची कांद्याची लागण झाली. पाण्याच्या दिवशी सकाळी दोन तास लाईट नव्हती. बाराची एसटी गेली, मोटार चालूच. मी बांधावर बसलो, उठलो, परत बसलो. तंबाखू मळली आणि तोंडात टाकायची सोडून झटकून दिली. कान तापले. म्हटलं, हे तापले बघ, आता पाय निघतील. निघालेच मेले. लेका, सगळं कळतंय तर थांब की, असं स्वतःवरच चरफडत मी विहिरीवरच्या फ्यूजच्या पेटीपाशी पोचलो. हात झाकणावर गेला. तिथंच कसाबसा थोपवला आणि ओरडलो, "दादा, किती वाफं राहिलं?"

इतक्या वर्षांत हे कधी विचारलंच नव्हतं. मोटारीच्या आवाजात त्याला ऐकूही गेलं नसणार. त्याला दिसला तो पेटीवरचा माझा हात. मान खाली घालून तो आला, माझ्याकडं न बघता स्टार्टरचं लाल बटण दाबून मोटार बंद केली आणि म्हणाला, "घे, तुझी पाळी." तसाच माघारी निघाला. म्हणजे त्याच्या लेखी मी फ्यूज काढून मोकळा झालो होतो. त्याचंही ठरलेलंच की. लई चीड आली, वाटलं जाऊ दे, आपण तरी कशाला वाकायचं. पलीकडं वहिनी खोरं घेऊन उभी होती, तिच्या पुढ्यातले दोन वाफे कोरडे दिसत होते. कालच लावलेली रोपं उन्हानं माना टाकून पडली होती.

मी हिरवं बटण दाबलं.

दादा गर्रकन वळला. मी दोन बोटं वर केली आणि त्याच्या वाफ्यांकडं हात दाखवला.

पाटाला पाणी आलं तरी तो जागचा हलेना. मग बांधावरच बसला आणि टॉवेलात तोंड खुपसलं. त्या दोन वाफ्यांना पाणी वहिनीनंच दिलं.