फोनवरून बाळंतिणीची सोबत

बाळंतिणीच्या खोलीत नुसतं डोकावलं, की किस्से शोधावे लागत नाहीत, ते आपणहून अंगावर येतात! त्यातून मी डोकावते ती मोबाईलमधून. त्यामुळे माणसं जरा जास्तच मोकळी बोलतात. फोनमध्ये एक बाई बसलीय, हे विसरूनच जातात.

मी पूर्वी नर्स होते. आता टिळकवाडीतल्या घरी बसून व्हिडिओ कॉलवर बाळंतिणींना सोबत करते. बाळाला पाजायचं कसं, आईनं झोपायचं कधी आणि रडू आलं तर कुणाजवळ रडायचं, एवढंच माझं काम. इंग्रजीत याला डूला म्हणतात. आमच्या घरात हा शब्द पहिल्यांदा निघाला तेव्हा अहो म्हणाले, "म्हणजे ऑनलाइन माहेर म्हण की!"

यापेक्षा बरी व्याख्या मला अजून सापडलेली नाही.

*

आमच्या शहराच्या कॅम्प भागातला एक फौजी सुट्टीवर आला होता. सरहद्दीवर पहारा देणारा गडी, पण ओंजळभर बाळ हातात घ्यायचं म्हटलं की घाम फुटायचा. मी कॉलवर शिकवलं, खांद्यावर घ्या, पाठीवरून हळू हात फिरवा. पठ्ठ्या सावधानमध्ये उभा! बायको म्हणते, "अहो, श्वास तरी घ्या!"

शेवटी बाळानं दणदणीत ढेकर दिला आणि गडबडीत यानं मलाच सॅल्यूट ठोकला, "मॅडम, काम फत्ते!"

त्या दुपारी त्याची बायको बाळंतपणानंतर पहिल्यांदा निवांत झोपली.

*

खानापूरकडच्या एका घरात रेंज यायची ती फक्त गोठ्यात. सासरे रोज तिथं झाडून सुनेसाठी खुर्ची मांडायचे, चादरीचा आडोसा करायचे आणि स्वतः पलीकडे जाऊन बसायचे. सून बिचारी बाळाला छातीशी धरून घाबरीघुबरी. मी सांगायची, घाई करू नकोस, खांदे सैल सोड, दूध उतरेल.

एक दिवस चादरीपलीकडून आवाज आला, "ताई, सुनंचं झालं की आमच्या म्हशीलाबी तेवढं समजावून सांगा. पहिलारू हाय, दूधच सोडंना!"

सून पोट धरून हसली. त्या हसण्यात खांदे सैल पडले आणि दूध मोकळं झालं. म्हशीचं पुढं काय झालं ते विचारायचं राहिलं.

*

पण सगळ्यात जास्त किस्से दिले ते सदलग्याच्या रूपालीच्या घरानं. रूपालीला आई नाही. नवरा बेंगळुरात नोकरीला, त्यानंच माझे कॉल ठरवून दिले होते. घरात सासू, साऱ्या गल्लीच्या आक्का. पहिल्याच कॉलला आक्कांनी माझी मुलाखत घेतली.

"फोनातनं शेक देता येतोय?"

"नाही हो."

"अंग चोळता येतंय?"

"नाही."

"मग करता काय?"

"रूपालीशी बोलते."

"त्येला काय फोन लागतोय? आमी काय मुकी हाय?"

तेवढ्यात पलंगावरची रूपाली पुटपुटली, "ताई, बाळ रडलं की वाटतंय, मला ह्यातलं कायच जमत न्हाय." आक्का शेगडीपाशी थबकल्या. सुनेच्या तोंडून हे त्यांनी पहिल्यांदाच ऐकलं होतं.

*

बाळ अगदी उत्तम होतं. पोरीला खचवत होत्या त्या बाळ बघायला येणाऱ्या बायका. "दूध पुरतंय का गं?" "बारीकच वाटतंय!" बोलणारी चहा पिऊन जायची आणि रूपाली दिवसभर रडायची. मला भारी संताप यायचा.

एकदा कॉल चालू असतानाच शेजारीण आली. फोन लाडवांच्या डब्याला टेकवलेला, तो काही तिला दिसला नाही. तिनं सुरू केलं, "आमच्या सुनंला तर एवढं दूध हुतं..."

मला राहवेना. मी म्हटलं, "रूपाली, तुझंही भरपूर आहे. बाळाचं वजन छान वाढतंय!"

"अय्यो देवरे!" शेजारीण ताडकन उठली आणि भिंतीवरच्या देवीच्या फोटोला तिनं हात जोडले. आक्कांनी खुलासा केला नाही. उलट शांतपणे म्हणाल्या, "ती समदं ऐकती. जपून बोलत जा."

*

तरी रूपालीचं रडू थांबेना, बाळ झोपलं तरी हिला झोप येईना. हे नुसत्या सोबतीनं भागणारं नाही, हे मला कळलं. मी आक्कांना स्पष्ट सांगितलं, मनही आजारी पडतं, डॉक्टरांना दाखवा, औषधानं बरं होतं. आता या फोन आपटणार, अशी माझी खात्री होती.

घरात कुजबुज झालीच, लोक काय म्हणतील! पण आक्कांनी सुनेचे कान रुमालानं बांधले, बाळ स्वतःकडे घेतलं आणि रिक्षा बोलावली. वाटेत कुणीतरी हटकलं, "ओल्या बाळंतिणीला घिऊन कुठं गं, आक्का?"

आक्का रिक्षातूनच ओरडल्या, "मन दुखतंय सुनंचं! पाय दुखला तर न्हेत न्हाईस व्हय?"

हे मला रूपालीनं सांगितलं आणि सांगताना ती चक्क हसली. मी इकडे टिळकवाडीत एकटीच टाळ्या वाजवत बसले!

*

औषध हळूहळू लागू पडलं. पुढे ढकललेलं बारसं मग थाटात झालं. मला फोनवरून आमंत्रण होतं. पाळण्याशेजारच्या स्टुलावर मला उभं केलं होतं, त्यामुळे सगळं समोरच दिसत होतं.

निपाणीच्या आत्याबाई, म्हणजे आक्कांच्या थोरल्या नणंद, आल्या. त्यांच्यापुढे त्या घरात कुणी तोंड उघडत नाही, आक्कासुद्धा नाही. त्यांनी पाळण्यात वाकून पाहिलं आणि भरल्या घरात सुरू केलं, "बाळ बरं हाय का? दूध पुरतंय न्हवं? मला तर बारीक वाटतंय. पावडर सुरू करा बघू!"

सगळ्या बायका रूपालीकडे बघायला लागल्या. मला वाटलं, इतक्या मेहनतीनं उभी राहिलेली पोरगी पुन्हा कोसळणार! मी तोंड उघडलं, आक्कांनीही एक पाऊल पुढे टाकलं.

रूपालीनं आम्हां दोघींकडे पाहिलंसुद्धा नाही. तिनं बाळाला उचललं, पदर सारखा केला आणि आत्याबाईंसमोर जाऊन उभी राहिली.

"बाळ बरं हाय, आत्याबाई. आन् मीबी बरी हाय. ते तुमी इचारलं न्हाय, म्हणून मीच सांगते!"