बॉयलरची लितानी

नणंदेने भावजयीचं कौतुक करायचं नसतं, असं आमच्या भुईगावात कुणी सांगितलेलं नाही. तरी मी सोळा वर्षं ते इमानाने पाळलं. आता पोटात राहत नाही.

माझी भावजय जुलियाना वालीवच्या एका लॉन्ड्रीत कामाला आहे. लॉन्ड्री म्हणजे नाक्यावरचं इस्त्रीचं दुकान समजू नका. तिथे हॉस्पिटलांच्या आणि हॉटेलांच्या चादरी टेम्पो भरभरून येतात. त्या धुवायला, वाळवायला, इस्त्री करायला वाफ लागते आणि वाफ देतो बॉयलर. जुलियाना आधी चादरींच्या घड्या घालायची. सहा वर्षांपूर्वी बॉयलरवरच्या श्रीरंगकाकांना मदतनीस हवा होता, पण त्या उकाड्यात एकही पुरुष आठवडाभर टिकेना, म्हणून हिला पाठवलं. ही टिकली. वर तिला ते काम आवडलं. नुसत्या आवाजावरून सांगायची, "काका, आज याचं पोट बरोबर नाही." आणि नसायचंच.

आमची आई मटिल्डा मात्र, चर्चबाहेर कुणी सुनेबद्दल विचारलं की आवाज खाली करायची. "आसते लॉन्ड्रीत," एवढंच म्हणायची आणि विषय पालेभाजीवर न्यायची.

गेल्या वर्षी श्रीरंगकाकांनी निवृत्त व्हायचं ठरवलं. बॉयलर चालवायला सरकारी परीक्षा पास झालेला माणूसच लागतो, तसा कायदा आहे. जुलियाना पास झाली तर जागा तिची, नाहीतर बाहेरून माणूस येणार आणि ही परत चादरींवर. तिने फॉर्म भरला. लेखी बरी गेली आणि तोंडीत उडाली. समोर तीन साहेब बघून हिची वाचाच बसली. बॉयलरवर काय काय बसवलेलं असतं, ते सांगा म्हणाले, तर ही स्वतःच्या चपलांकडे बघत राहिली. घरी येऊन मला म्हणाली, "सॅन्ड्रा, हाताला येतं गं सगळं. तोंडाला येत नाही." मग रडली, आणि डोळे पुसून भाकऱ्या करायला बसली. त्या भाकऱ्यांचा मला इतका राग आला की मी दोनच खाल्ल्या.

पुढची परीक्षा आठ महिन्यांनी होती. "तोवर थांबतो," श्रीरंगकाका म्हणाले, "पण त्यापुढे माझे गुडघे थांबायचे नाहीत."

झालं, अभ्यास सुरू. सकाळी डबे, आठची पाळी, सहाला घरी, स्वयंपाक, साडेसातला प्रार्थना आणि मग पुस्तक. पुस्तक उघडलं की पाचव्या मिनिटाला तिची मान त्यावर. मी शिवणाच्या मशीनवरून ओरडायचे, "वहिनी, मशीन थांबवू का? झोपमोड होईल!"

आमच्याकडे रोज संध्याकाळी माळेची प्रार्थना होते आणि शेवटी लितानी. आई देवमातेचं एकेक नाव सुरात घेते आणि बाकीच्यांनी त्याच सुरात म्हणायचं, "आमच्यासाठी विनंती कर." एका संध्याकाळी आईने नाव घेतलं, आम्ही तोंड उघडलं, आणि त्याआधीच पेंगलेली जुलियाना त्याच सुरात खणखणीत म्हणाली, "सेफ्टी व्हॉल्व्ह!"

माझी भाची रिचेल फिसकन हसली. माझा भाऊ जोएल छताकडे बघू लागला. आता आईचा स्फोट होणार म्हणून मी सावरून बसले, आणि खोटं कशाला बोलू, थोडी खूशही झाले. आईने लितानी शेवटपर्यंत नेली, क्रुसाची खूण केली आणि म्हणाली, "देवाचं जालं. आता आन तुजं पुस्तक."

आईची शाळा चौथीपर्यंत. तिने रिचेलकडून बॉयलरच्या भागांची सगळी नावं मोठ्या अक्षरांत लिहून घेतली, चष्मा चढवला आणि लितानीच्याच चालीवर सुरुवात केली, "सेफ्टी व्हॉल्व्ह!" मग आमच्याकडे डोळे वटारून बघितलं. "मुके जालाव का? विचारा तिला, त्याचं काम काय?"

आम्ही एका सुरात विचारलं, "त्याचं काम काय?"

आणि जुलियानाने सांगितलं! "वाफेचा दाब ठरलेल्या मर्यादेपुढे गेला, की जास्तीची वाफ बाहेर सोडणं."

त्या दिवसापासून आमच्या घरी रोज दोन लितान्या. शेजारच्या जयवंतीकाकू आपल्या देवापुढे दिवा लावून दुसरीला येऊन बसायच्या. महिन्याभरात त्यांनाही सगळं पाठ. एकदा त्यांच्या कुकरची शिटी अडकली, तर कुकरलाच झापताना मी ऐकलं, "वाफ भाएर सोडायला ठेवलाय ना तुला? मग?"

परीक्षेला मुंबईला मी तिच्याबरोबर गेले. तिथे ती एकटीच बाई. तिचा नंबर आला, ती आत गेली, आणि मी दाराला कान लावला. शिपाई बघत होता, पण मी त्याच्याकडे बघितलं नाही.

"बॉयलरवर काय काय बसवलेलं असतं?" आतून आवाज आला.

मी कान आणखी दाबला. चपला बघत असणार ही! आणि मग लितानीच्या चालीवर, लांब सूर लावून, "सेफ्टी व्हॉल्व्ह..."

पण तिथेच थांबली. आता हिला कुणीतरी विचारल्याशिवाय पुढचं येणार नव्हतं. इतके महिने आम्ही तिला तशीच सवय लावली होती. आम्हीच घात केला, असं मला वाटलं. दार उघडून ओरडावं का, या विचारात मी होते, तेवढ्यात जुलियाना बारीक आवाजात म्हणाली, "साहेब, जरा विचाराल का, त्याचं काम काय?"

आत खुर्ची करकरली. "बरं. त्याचं काम काय?"

ही सुटली. प्रेशर गेजला एक साहेब विचारत होते, स्टॉप व्हॉल्व्हला दोघे. ब्लोडाउन व्हॉल्व्हला तिघांनी एका सुरात विचारलं, आणि माझ्याशेजारी शिपाईसुद्धा पुटपुटला. मी पदराने तोंड दाबून हसत होते.

मग एक साहेब म्हणाले, "आता गाणं पुरे. पातळी दाखवणाऱ्या काचेच्या नळीत पाणी दिसेनासं झालं. काय कराल?"

हे आमच्या लितानीत नव्हतंच. मी डोळे मिटले.

"आधी आग बंद," जुलियाना म्हणाली. साधा आवाज, घरात बोलते तसा. "पाणी सोडायचं नाही. घाबरून सगळे आधी पाणी सोडायला धावतात. तापलेल्या पत्र्यावर गार पाणी पडलं तर बॉयलर फुटेल, साहेब. माझ्या हातून एकदा सुटणारच होतं. काकांनी मनगट धरलं. अजून आठवतं."

तीन आठवड्यांनी निकाल लागला. पास! जोएलने गल्लीत पेढे वाटले. श्रीरंगकाका स्वतः आले आणि आपल्या गुडघ्यांच्या वतीने तिचे आभार मानून गेले. संध्याकाळी प्रार्थना झाली, तरी कुणी उठेना. जयवंतीकाकूही बसून होत्या. "आता काय?" जुलियाना हसली. "परीक्षा संपली ना."

आईने चष्मा चढवला. हातात कागद नव्हता. तिने सूर लावला, "जुलियाना..."

आम्ही सगळ्यांनी सवयीने विचारलं, "तिचं काम काय?"

जुलियानाने तोंड उघडलं. पण तिच्याआधी आईनेच उत्तर दिलं, रस्त्यावर ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने. "बॉयलर चालवते माजी सून!"