बरोबरीत अडकलेले ब्रेक

बेळ्ळंदूरच्या सिग्नलला ऑफिसच्या बसमध्ये अडकले होते, तेव्हा प्रसादचा फोन आला. प्रसाद माझा चुलतभाऊ, अण्णांचा मुलगा. अण्णांच्या छातीत दुखायला लागलं, शेजारच्यांनी त्यांना रिक्षातून दवाखान्यात नेलंय, मी निघालो, तू पण नीघ, एवढंच तो बोलला. माझ्या मनात आलेला पहिला प्रश्न सांगायला बरा वाटत नाही, पण आला तो तोच... रिक्षातून का? दारात सात माणसं बसतील अशी एसयूव्ही उभी, शेजारचे गृहस्थ उत्तम गाडी चालवतात, मग रिक्षातून का? आणि मग आठवलं. गाडीचे ब्रेक कुठले घ्यायचे हे अजून ठरलं नव्हतं, आणि ते ठरेपर्यंत गाडी कुणीही हलवायची नाही, असा ठराव अण्णांनी स्वतः मांडून मंजूर करून घेतला होता. मी राजाजीनगरला पोचायच्या आत अण्णा गेले होते. गाडीनं नेलं असतं तरी काही वेगळं झालं नसतं, असं डॉक्टरांनी आम्हाला पुन्हा पुन्हा सांगितलं. मला ते पटलं आहे. राग मात्र गेलेला नाही.

अण्णा माझ्या बाबांचे थोरले भाऊ. खालच्या मजल्यावर ते आणि काकू, वर आम्ही, आणि गाडी दोन्ही घरांनी मिळून जुनी घेतलेली. अण्णांनी कचेरीत नोकरी केली आणि उरलेल्या वेळात पत्रकं काढली. बसचं भाडं, टँकरचं पाणी, सफाई कामगारांचं कंत्राट, विषय कुठलाही असो, मजकूर कानडीत आणि मराठीत, आणि शेवटची ओळ ठरलेली: ज्यांना निर्णय भोगायचा आहे, त्यांना आधी विचारा. मी वाचायला शिकले ती या पत्रकांवर. शाई ओली असताना घडी घालायची नसते, हे मला पाढ्यांच्या आधी कळलं. ती शेवटची ओळ मी मोर्च्यांत घसा फोडून ओरडले आहे, आजही ओरडेन. पण अण्णा ती घरातही पाळायचे. भिंतीला रंग कुठला, फराळाला चकली आधी की चिरोटे, सगळ्याला सभा. आमच्या पोटात कावळे ओरडत असायचे आणि अण्णा शांतपणे विचारायचे, आणखी कुणाला काही मांडायचंय का...

उन्हाळ्यात गाडीचे पुढचे ब्रेक किंचाळायला लागले. ब्रेक दाबला की स्टिअरिंग हातात थरथरायचं. आमचा मेकॅनिक नागराज, त्यानं चाक काढून दाखवलं. पॅड झिजून पत्र्यावर आले होते आणि ते ज्या लोखंडी तबकडीला आवळतात, त्या डिस्कलाही चरे पडले होते. दोन्ही बाजूंचे पॅड आणि दोन्ही डिस्क बदलून टाका, असं तो म्हणाला. दुसऱ्या कुठल्याही घरात विषय इथे संपला असता. आमच्याकडे सभा भरली. प्रसादनं व्हिडिओ बघून भोकं पाडलेल्या परदेशी डिस्क मागवायचं काढलं, शिवाय त्यांना डिस्क नव्हे, रोटर म्हणायचं, हेही आम्हाला ऐकवलं. बाबांचं म्हणणं, चांगलं लोखंड फेकायचं कशाला, लेथवर घासून सपाट करू आणि नुसते पॅड नवे टाकू. आई बाबांच्या बाजूनं. मी म्हटलं, झिजलेली डिस्क घासून आणखी पातळ करायची आणि भरल्या गाडीनिशी घाट उतरायचा, हे कुठलं शहाणपण? पॅड आणि डिस्क, दोन्ही नवं घ्या, गाडी बनवणाऱ्या कंपनीचंच घ्या. अखेर प्रसाद भोकं सोडून माझ्याकडे आला. दोन विरुद्ध दोन. पुढच्या सभेतही दोन विरुद्ध दोन. नागराज अधूनमधून फोन करून विचारायचा, “मीटिंग मुगीता, सार?” संपली का एकदाची, अशा सुरात.

अण्णांनी मत दिलं असतं तर संपली असती. पण अध्यक्षानं मत देऊन पारडं झुकवणं ही त्यांच्या लेखी दादागिरी होती. एकदा मी चिडलेच.

“अण्णा, ब्रेक हा मतदानाचा विषय नाही. गाडी थांबते किंवा थांबत नाही.”

ते चष्मा पुसत होते. “मग कशाचा विषय आहे? एकानं ठरवायचं आणि बाकीच्यांनी मुकाट आत बसायचं, याविरुद्धच तर तू परवा भाषण ठोकलंस.”

माझंच बोलणं माझ्यावर उलटलं की मला जास्तच संताप येतो. त्याच सभेत त्यांनी तो गाडी न हलवण्याचा ठराव मांडला, आणि त्याला मात्र आम्ही सगळ्यांनी हात वर केले. दुसऱ्या दिवसापासून अण्णा भाजीच्या पिशव्या घेऊन बसनं येऊ लागले. घामाघूम, पण चेहऱ्यावर काहीतरी मोठं जिंकल्याचं समाधान.

त्यांचे दिवस झाल्यावर आम्ही खालच्या खोलीत बसलो होतो. प्रसाद म्हणाला, गाडी विकून टाकू. बाबा म्हणाले, निदान अण्णांचं अर्धवट राहिलेलं ब्रेकचं काम तरी पुरं करू. पुन्हा हात वर झाले... पुन्हा दोन विरुद्ध दोन. बाबा सवयीनं अध्यक्षांच्या खुर्चीकडे बघत राहिले. काकू कोपऱ्यात मेथी निवडत होती.

“मला विचारा की,” ती म्हणाली.

बाबा गडबडले. म्हणाले, वहिनी, अध्यक्षांच्या बायकोचं मत मोजलं तर पक्षपात दिसेल, म्हणून अण्णा तुमचं मत धरत नसत.

“ठाऊक आहे. मला त्यांनी समजावून सांगितलं होतं, फार छान समजावलं होतं. पण भाऊजी, पुढच्या सीटवर मी बसायचे. पॅड नवे, डिस्क पण नव्या, दोन्ही बाजूंच्या. आणि गाडी विकायची नाही. मला फिरायचंय.”

आणि ती परत मेथी निवडू लागली. काकूला कुणी विचारतच नाही, हे आम्हा कुणाच्या कधी ध्यानातच आलं नव्हतं. अण्णांच्या आलं होतं, आणि त्यांनी ते नियमात बसवून टाकलं होतं. याला काय म्हणायचं? ज्याच्याकडून विचारायला शिकले, त्या माणसानं स्वतःच्या बायकोला विचारलं नाही, आणि तेही तत्त्व म्हणून. समोर असते तर मी त्यांच्याविरुद्ध पत्रक काढलं असतं. त्यांनी त्यातल्या शुद्धलेखनाच्या चुका सुधारून ते स्वतः छापून आणलं असतं, हेही मला माहीत आहे, आणि म्हणून तर त्यांच्यावर नीट रागावताही येत नाही.

नागराजनं काम करून दिलं. पॅड डिस्कवर नीट बसेपर्यंत हलके हलके ब्रेक मारत थोडी फिरवा, म्हणाला. रविवारी सकाळी मी चालवायला बसले, काकू शेजारी. रस्ता मोकळा होता. सिग्नलला ब्रेक दाबला, आणि गाडी न किंचाळता, न थरथरता थांबली. कौतुकानं काकूकडे पाहिलं, तर तिचा उजवा पाय समोर घट्ट रेटलेला. पायाखालची रबरी चटई नेमकी त्या जागी झिजून आरपार गेली होती. अण्णा ब्रेक फार उशिरा मारायचे, ती म्हणाली, पुढची गाडी अगदी अंगावर आल्यावर.

“मग त्यांना कधी बोलली नाहीस?”

“बोलले असते तर सभा भरली असती.”

आता चटई बदलू म्हणून प्रसाद मागे लागला आहे. काकू नको म्हणते, आणि मतदान कुणी मागितलेलं नाही. लांबवर सिग्नल दिसला, की माझा पाय ब्रेकवर जायच्या आधी तिचा त्या भोकावर पोचलेला असतो... अण्णाच गाडी चालवत असल्यासारखा.