शुक्रवारी गप्प बसायचं

आमच्या डार्मश्टाटच्या स्टुडिओतली जुनी मंडळी फ्रँकफर्टला कुणाच्या घरी फराळाला जमली, की पहिली चकली मोडायच्या आत कुणीतरी म्हणतंच, "शुभा, तो ऑफिसातल्या फोटोचा सांग ना." मग एकातून दुसरा निघतो आणि चिवड्याचा डबा रिकामा होतो. आता सगळे हसतात. पण तेव्हा यातला एकही किस्सा हसण्यासारखा नव्हता. प्रत्येकात कुणाची ना कुणाची चांगलीच तंतरलेली होती!

हा दोन हजार पाच-सहाच्या आसपासचा काळ. आम्ही कॉम्प्युटरवर माणसांचे चेहरे बनवायचो. कार्टून नव्हे, बघणाऱ्याला फोटोच वाटला पाहिजे असे. आमची बॉस फ्राऊ ब्रांट, साठीकडे झुकलेली, आधी शिल्पकार होती. दर शुक्रवारी दुपारी ती क्रिटीक घ्यायची. ज्याचा चेहरा त्याने पुढे बसायचं, बाकीच्यांनी चुका काढायच्या, आणि सगळ्यांचं बोलून होईपर्यंत बनवणाऱ्याने चकार शब्द काढायचा नाही. स्पष्टीकरण नाही, "ते अजून व्हायचंय" नाही, काही नाही.

मी मुळातच भित्री भागूबाई. त्यात माझी प्रोबेत्साइट चालू होती, म्हणजे मला ठेवायचं की नाही ते ठरायचं होतं. फ्राऊ ब्रांटने स्वच्छ सांगितलं होतं, एका प्रदर्शनासाठी म्हाताऱ्या माणसाचा चेहरा कर. प्रोबेत्साइट संपायच्या आत तो क्रिटीकमध्ये पास झाला तर पक्का करार. नाही झाला तर करार नाही, करार नाही तर व्हिसा नाही, म्हणजे सरळ साताऱ्याला परत. शुक्रवार उजाडला की मी पासपोर्टातली व्हिसाची तारीख काढून बघायची, मग त्या दिवशी पाळी दुसऱ्या कुणाची का असेना.

*

अविनाश सांगलीचा, माझ्या वर्षभर आधी तिथे आलेला. पहिल्याच क्रिटीकला त्याने तोंड उघडलं. प्रकाश असा का ठेवलाय, केस असे का आहेत, सांगतच सुटला. फ्राऊ ब्रांटने हात वर केला आणि विचारलं, "प्रदर्शनात प्रत्येक माणसाच्या शेजारी उभं राहून तुम्ही हे सांगणार आहात का?"

तेव्हापासून तो असा गप्प बसायला शिकला, की त्याची बायको म्हणायची, आता घरी भांडायलासुद्धा मजा येत नाही.

*

याच अविनाशने एकदा एका तरुण बाईचा चेहरा केला. वेळ कमी होता, म्हणून पठ्ठ्याने अर्धाच चेहरा घडवला आणि उलटा करून दुसऱ्या बाजूला चिकटवला. त्या काळी सगळेच हा शॉर्टकट मारायचे. बाई देखणी झाली, कातडी सुंदर, पापणीचा केस न् केस वेगळा. पण तिच्याकडे बघून काहीतरी व्हायचं, काय ते कुणाला सांगता येईना.

दुपारी त्याची बायको चार वर्षांच्या लेकीला घेऊन आली. अविनाश कौतुकाने मराठीत म्हणाला, मावशीला हॅलो म्हण. मुलीने स्क्रीनकडे पाहिलं, आईच्या कोटामागे गेली आणि जर्मनमध्ये उत्तर दिलं, मावशी मेलेली आहे.

फ्राऊ ब्रांट दारातच उभी होती. त्या शुक्रवारी तिने अविनाशची क्रिटीक घेतलीच नाही. म्हणाली, झाली ना आत्ताच.

*

तो फोटोचा किस्साही त्याचाच. व्हिसा वाढवायला आउसलेंडरबेहोर्डेत, म्हणजे परदेशी लोकांच्या ऑफिसात, जायचं होतं. फोटो घरीच काढला, आणि हाताला सवय, डोळ्यांखालची काळी वर्तुळं पुसली, गालावरचा व्रण पुसला, नाक जरा सरळ केलं, कान थोडे आत घेतले. खिडकीमागच्या बाईंनी फोटो पाहिला, याला पाहिलं, परत फोटो पाहिला. म्हणाल्या, हे तुम्ही नाही. कान वेगळे वाटतात, नाक वेगळं आहे, इथे व्रण नाही.

आणि आमचा अविनाश गप्प! समोरचा माणूस चेहऱ्यातल्या चुका सांगतोय म्हटल्यावर शुक्रवारची सवय आडवी आली. बाई विचारतायत, हा फोटो कुणाचा आहे? हा मान डोलावतोय आणि मनात नोंद घेतोय, कानांचं बरोबर आहे त्यांचं. बाईंनी फोन उचलून वरिष्ठांना बोलावलं, तेव्हा कुठे त्याला कंठ फुटला. घामाने शर्ट पाठीला चिकटला होता, असं तो स्वतःच सांगतो.

मला तेव्हा हसू आलं नाही. त्याच खिडकीत मलाही जायचं होतं.

*

माझा म्हाताऱ्याचा चेहरा पहिल्यांदा क्रिटीकला लागला तो दिवस मी मरेपर्यंत विसरणार नाही. श्टेफान नावाचा आमचा जर्मन सहकारी, तसा सज्जन माणूस. तोही म्हणाला, कातडी मेणाची वाटते. अविनाश म्हणाला, सुरकुत्या इस्त्री बिघडल्यासारख्या पडल्यात. घ्या, आपल्याच माणसाने मारलं! फ्राऊ ब्रांट शेवटी बोलली. आवाज अगदी मऊ होता.

"या डोळ्यांना समोर कुणीच दिसत नाहीये."

मी जागेवर गेले. स्क्रीनवर तो म्हातारा तसाच माझ्याकडे बघत होता, किंवा बघत नव्हता. मला त्याची अशी भीती बसली, की जेवायला उठताना मी त्याच्या डोळ्यांवर पिवळ्या चिकटचिठ्ठ्या लावून जायची. परत आल्यावर त्या काढायला धीर व्हायचा नाही. श्टेफान काढून द्यायचा.

*

मग सुरू झालं खऱ्या म्हाताऱ्यांकडे बघणं. ट्राममध्ये समोर एक आजोबा बसले होते, गळ्याची कातडी अशी सुरेख लोंबलेली, उजेड पडला की कानाची पाळ लाल दिसायची. मी भान हरपून बघत राहिले. त्यांनी एकदा बघितलं, दोनदा बघितलं, पेपर खाली ठेवला. आता हे ओरडणार, कुणीतरी पोलिसांना बोलावणार आणि व्हिसाच्या फायलीत नोंद होणार की ही बाई म्हाताऱ्यांना त्रास देते.

आजोबांनी शांतपणे मान वळवली आणि म्हणाले, "दुसरी बाजू जास्त बरी आहे."

*

शेवटी फ्राऊ ब्रांटच म्हणाली, सुरकुत्या मनाने घालू नकोस, एकच खरा माणूस घे आणि त्याच्यापासून हलू नकोस. खरा म्हातारा माणूस माझ्याकडे एकच होता, साताऱ्याला. मी दादाला सांगितलं, बाबांना गच्चीत खुर्चीवर बसव आणि सगळीकडून फोटो काढ. त्याने ईमेलने पाठवले. बाबांना आधी फोनही केला नव्हता. त्यांना फोनचा कंटाळा. रविवारी आईच बोलायची आणि सांगायची, हे लांबूनच हात करतायत.

पुढचे काही आठवडे मी बाबांच्या चेहऱ्यात राहिले. हनुवटीखाली दाढी करताना सुटलेले खुंट, कानातले केस, चष्म्याने नाकावर पाडलेल्या खुणा. मनाचं काही म्हणून घातलं नाही. जे फोटोत, ते चेहऱ्यात. आता मला त्याची भीती वाटत नव्हती. भीती होती ती शुक्रवारची, कारण माझी ही शेवटची संधी होती.

चेहरा पडद्यावर आला. श्टेफान म्हणाला, कातडी उत्तम, डोळे उत्तम. मी श्वास सोडला. अविनाश म्हणाला, पण तोंडाचा डावा कोपरा खाली आलाय. श्टेफान म्हणाला, गेनाऊ, अगदी बरोबर, डावी पापणीही. फ्राऊ ब्रांट पुढे झाली. नाकापासून ओठाकडे येणारी घडी उजवीकडे खोल होती, डावीकडे जवळजवळ नव्हतीच. ती म्हणाली, अर्धा चेहरा कामच करत नाहीये.

मी गप्प बसून ऐकलं. डोळ्यांपुढे विमानाचं तिकीट दिसत होतं. देवा, इतकं जवळ येऊन!

बोलायची परवानगी मिळाल्यावर मी म्हणाले, यात माझं काही नाही, फोटोत आहे तसंच आहे. आणि गच्चीतला फोटो शेजारी उघडला.

फ्राऊ ब्रांटने चष्मा लावला. दोन्ही नीट पाहिले. हे कोण, विचारलं. माझे वडील, मी सांगितलं. जुना एखादा फोटो आहे का, तिने विचारलं. माझ्या पाकिटात होता, मी जर्मनीला निघाले त्या दिवशीचा. त्यात बाबा हसत होते आणि ओठांचे दोन्ही कोपरे सारखे वर गेले होते.

अविनाशने माझ्याकडे बघितलं आणि लगेच मान खाली घातली. तेव्हा मला कळलं. हा अर्धांगाचा झटका होता.

"चेहरा पास आहे," फ्राऊ ब्रांट म्हणाली. आणि टेबलावरचा फोन माझ्यासमोर सरकवला. "आता घरी फोन कर."

आईने उचलला. मी विचारलं, बाबा कसे आहेत? ती म्हणाली, "अगं, काय होणारे त्यांना? रोजच्यासारखेच तर आहेत. हल्ली चहा ओघळतो जरा तोंडातून, बोलणंही कमी झालंय, पण आता वय झालं."

मी म्हटलं, त्यांना फोन दे. तिने हाका मारल्या. चपला फरफटत आल्याचा आवाज आला. मग बाबांनी फोन घेतला आणि मला हाक मारायला लागले. माझं नाव दोन अक्षरांचं आहे. ते त्यांना म्हणता येईना.